वजन कमी करायले धावणं सुरू केलं, आपल्या वऱ्हाडात खेड्यात कोणी धावते का?

दुकानवाला_भाऊ
राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात फाट्यावरच्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. वय 39, उंची साडेपाच फूट, वजन 93. दिवसभर काउंटरच्या मागं खुर्चीवर बसून असतो, उठलो तर गोडाऊनपर्यंत. दिवाळीनंतर तपासणी केली तर तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1 निघाली, डॉक्टर म्हणाले गोळी आत्ताच नको, आधी वजनाकडं पाहा, पोट कमी करा. 6.5 ला पोचलं की मग शुगरवाला म्हणतात असं समजलं, म्हणजे आपण उंबरठ्यावर. आमचे बाबा शुगरनंच थकले, त्यामुळं मनात धास्ती बसली आहे.

तर ठरवलं की धावायचं. जिमसाठी 22 किलोमीटर तालुक्याला कोण जाते. सकाळी साडेपाचला फाट्याच्या रस्त्यानं निघालो, दोन-तीन विजेचे खांब झाले की छाती भात्यासारखी, आणि वरून दूधवाला गाडी थांबवून विचारते "काय झालं भाऊ, कोण गेलं?" आपल्याकडं मोठा माणूस धावताना दिसला म्हणजे एक तर कोणी मेलं नाही तर बैल सुटला. कोणी खेड्यात राहून धावून वजन कमी केलं असेल तर सांगा, पुण्या-मुंबईच्या बगिच्यातलं नको.

वऱ्हाडी_ठेचा
अबे कायले धावतं बावा, माह्या वावरात ये. कापूस वेचायले बाई-माणूस भेटून नाही राह्यलं, किलोमागं पैसे देतो वरून. एका महिन्यात काडी होशील 😄

दुकानवाला_भाऊ
ठेचा भाऊ, तुमचं स्वतःचं पोट किती आहे ते सांगा पह्यले.

वऱ्हाडी_ठेचा
तो विषय वेगळा आहे.

काळी_माती
ठेचाभाऊ हसण्यावारी नेत आहेत पण विषय खरा आहे. आमच्या गावात तर पूर्ण म्हणणंच आहे की शेतकऱ्याला व्यायाम कायले पाहिजे. पण पाहा ना, वावरात जायचं तर बुडाखाली मोटरसायकल, वखरणी-पेरणी ट्रॅक्टरनं, तणनाशक मारलं की निंदणही गेलं. मालक धुऱ्यावर उभा राहून फोनवर बोलते. खरी मेहनत मजूर बाया करतात आणि कापूस वेचून कंबर जाते, दम नाही वाढत. दिवसभर वाकून थकणं वेगळं आणि अर्धा तास छाती फुलेपर्यंत चालणं-धावणं वेगळं. माझे काका जन्मभर वावरात, तरी साठीच्या आत दोन झडपा… म्हणजे स्टेंट पडले. खर्रा (तंबाखू-सुपारी) पण होताच म्हणा.

भरतीवाला_पोट्टा
दादा मी रोज मारतो. सोपं आहे, 1600 मीटरचे चार राऊंड फुल स्पीड, मंधात दोन मिनिट रेस्ट, मग 100 मीटरचे दहा. वजन पंधरा दिवसात उतरते. आमच्या बॅचमध्ये सगळे असेच करतात.

मास्तर_खेड्यातले
अरे बाबा, तू 21 वर्षांचा, वजन 60 असेल. पोलीस भरतीत 1600 मीटरला 20 गुण आहेत म्हणून तू जीव काढून धावतोस, ते बरोबरच आहे. दुकानवाल्या भाऊंना कोण गुण देणार आहे? 93 किलोचा माणूस पहिल्याच आठवड्यात फुल स्पीड मारेल तर नडगी नाही तर टाच धरून बसेल, आणि मग वर्षभर सांगेल की धावणं आपल्या अंगाला लागत नाही.

भाऊ, तुमच्यासाठी सरळ उपाय. जगभर एक योजना वापरतात, काउच टू 5के म्हणतात, म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत, 1996 मध्ये जॉश क्लार्क नावाच्या माणसानं बनवली. नऊ आठवडे, आठवड्यातून फक्त तीन दिवस. सुरुवातीला पाच मिनिटं झपझप चालायचं, मग एक मिनिट हळू पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. बस. पुढच्या आठवड्यांत पळायचं वाढत जाते. नऊ आठवड्यांत जमलं नाही तर पंधरा घ्या, तोच आठवडा परत करा. आपल्याकडं घड्याळही नको, खांब आहेत ना. एक खांब पळा, दोन खांब चाला.

आणि हळू म्हणजे किती हळू, तर शेजारच्या माणसाशी कपाशीच्या भावावर पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. "सात… हजार… नाही… भेटत" असं तुटक निघालं की वेग जास्त आहे, कमी करा. पहिले दोन-तीन महिने तर कोणी चालणारा बाजूनं पुढं गेला तरी चालेल. लाज वाटते, माहीत आहे मले.

नाना_रिटायर
मास्तर तुमचं सगळं ठीक पण गुडघ्यांचं काय? धावल्यानं वाटी झिजते. मी एसटीत होतो, आमच्यातले दोन जण धावायचे, दोघांचे गुडघे गेले. चालणं उत्तम. उगाच शहरी फॅड.

मास्तर_खेड्यातले
नाना, नमस्कार. एसटीच्या सीटवर तीस वर्षं बसून ज्यांचे गेले ते किती होते तेही मोजा की. 2017 मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी करून एक पेपर आला होता, त्यात हौसेनं धावणाऱ्यांत गुडघा-खुब्याची झीज साडेतीन टक्क्यांना, आणि बसून राहणाऱ्यांत दहा टक्क्यांना. हां, स्पर्धेत उतरून पल्लेच्या पल्ले मारणाऱ्यांत तेरा टक्के होती, ते खरं. आता यात ज्यांचे गुडघे चांगले तेच धावत राहतात असंही असू शकते, त्यामुळं डोळे झाकून घेऊ नका. पण मधला रस्ता वाईट नाही एवढं नक्की. आधीच गुडघा सुजत असेल, जिना उतरताना कळ येत असेल तर मात्र नानांचं ऐका, आधी चालून वजन थोडं उतरवा.

नाना_रिटायर
बरं.

सिस्टर_उपकेंद्र
मी उपकेंद्रात आहे, रोज बीपी-शुगरचीच माणसं पाहते म्हणून लिहिते. भाऊ, धावण्यानं वजन उतरते पण लोकांना वाटते तेवढं नाही. साधा हिशोब, एक किलोमीटर धावलं की अंगाच्या दर किलोला एक कॅलरी जाते. तुमचे 93 किलो म्हणजे किलोमीटरला 93 कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7700. भागा. 83 किलोमीटर धावाल तेव्हा एक किलो. यवतमाळहून निघालात तर नागपूरचा अर्ध्याहून जास्त रस्ता झाला.

आता मले सांगा, दुकानात दिवसाचे किती चहा होतात?

दुकानवाला_भाऊ
गिऱ्हाईक आलं की चहा सांगावाच लागते सिस्टर, उधारी वसूल करायची तर आधी चहा पाजावा लागते आणि त्यानं एकट्यानं पिलं तर बरं नाही दिसत. सात-आठ होत असतील. आपला टपरीचा असतो, साखर ढिगानं.

सिस्टर_उपकेंद्र
आठ कप, प्रत्येकात दोन चमचे धरले तर सोळा चमचे. चमच्याला 20 कॅलरी, म्हणजे 320 निव्वळ साखरेच्या. तुमचं सकाळचं तीन किलोमीटर धावणं 280 चं. दुकान उघडलं आणि दुपारपर्यंत सगळं परत भरून निघालं, वर 40 जमा. टपरीवाल्याला सांगून ठेवा की तुमचा कप बिनसाखरेचा, नाही तर अर्धाच कप. गिऱ्हाईकाला त्याचा पाजा ना, कोण नाही म्हणते.

दुसरं तेल. घरात किती माणसं, तेलाचा पिपा किती दिवस जाते? 15 किलोचा पिपा पाच माणसांत दोन महिन्यांत संपला तर माणशी रोज 50 ग्रॅम झालं, म्हणजे 450 कॅलरी फक्त तेलाच्या. याच्या निम्म्यावर घर नीट चालते. मी तर्री बंद करा नाही म्हणत, मीही नागपूरच्या बाजूची आहे 🙂 पण तर्री पोह्यावर किती वाट्या ओतायची त्याला काही माप?

वऱ्हाडी_ठेचा
सिस्टर तर्रीले हात नका लावू. बाकी सांगा ते ऐकतो.

सावली_३४
मी बरेच दिवस वाचत होते, आज लिहिते. सगळे दादा लोक रस्त्यानं, खांबानं, फाट्यानं सांगून राह्यले. आम्ही बायांनी धावायचं कुठं? सकाळी पाचला आम्ही उठतोच पण तेव्हा झाडलोट, पाणी, डबे. आणि समजा निघाले तर सासूबाईंच्या आधी पूर्ण गल्लीला माहीत. थायरॉइडची गोळी चालू आहे, वजन 71, उंची पाच फूट एक इंच. चालायला जाते तर चार बाया आहेत सोबत, पण त्या गप्पाच जास्त मारतात, चालणं कमी.

मास्तर_खेड्यातले
सावलीताई, तुमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान असेलच. आमच्याकडं भरतीच्या पोरी तिथं 800 मीटरची प्रॅक्टिस करतात, पालकांनी आधी कटकट केली, आता स्वतः सोडायला येतात. त्या पोरी असतात त्या वेळेला गेलं की मैदान रिकामं नसते आणि कोणी बोलतही नाही.

सावली_३४
हो आहे मैदान. पोरी पण येतात चार-पाच. कपड्याचं काय करावं? ट्रॅक पँट घालून गावातून जाणं मले नाही जमणार अजून.

विदर्भकन्या
ताई, अंगात कुर्ता-सलवार, ओढणी घरी किंवा खांद्यावरून आडवी पिन करून कमरेला गाठ. मी असंच धावते. ट्रॅक पँट सलवारच्या खाली घालून जायची, मैदानावर सलवार काढून पिशवीत. पायात मात्र सँडल-चप्पल नको. आणि धावण्याची वेगळी ब्रा मिळते ती घ्याच, साध्यावर धावलं तर दोन दिवसांत छाती-खांदे दुखतात आणि बाई धावणं सोडून देते, कारण कोणाला सांगत नाही. तालुक्याच्या दुकानात मागितली तर तो माणूस दुसऱ्याच गोष्टी काढून दाखवतो, म्हणून ऑनलाइन मागवली. डिलिव्हरीवाला गावात येतच नाही, फाट्यावर बोलावते, तिथं पानठेल्यावर उभं राहून पार्सल घेतलं. माप लहान निघालं तर परत तोच फाटा. पण घ्या.

त्या चार बाया सोडू नका. त्यांनाच मैदानावर न्या, बोलत बोलत चालू द्या, तुम्ही त्यांच्याभोवती चक्कर मारा.

सिस्टर_उपकेंद्र
सावलीताई, सुरू करायच्या आधी हिमोग्लोबिन पाहून घ्या, उपकेंद्रात फुकट होते. देशात 15 ते 49 वयाच्या बायांपैकी 57 टक्क्यांना रक्त कमी होतं, सरकारच्याच 2019-21 च्या सर्व्हेचा आकडा आहे. 8-9 हिमोग्लोबिनवर धावायला गेलं की दम लागते, चक्कर येते आणि बाई म्हणते माझ्यात दमच नाही. दम आहे, रक्त नाही. थायरॉइडच्या गोळीचा डोस बरोबर आहे का तेही एकदा रक्त तपासून पाहा.

आणि सगळ्यांसाठीच, विशेष करून भरतीच्या पोरांसाठी: आपल्या पट्ट्यात सिकलसेल (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) खूप आहे, गडचिरोली-चंद्रपूरपासून इकडं यवतमाळपर्यंत. ज्याला आजार आहे त्याला बहुतेक माहीत असते. पण जो नुसता वाहक आहे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच आलं आहे, त्याला काहीच त्रास नसते आणि माहीतही नसते. अशा माणसानं उन्हात, पाणी न पिता, जिवाच्या आकांतानं धावलं तर मांड्यांचे स्नायू दुखून एकदम पाय गळतात, कोसळतो, क्वचित जिवावर बेतते. वाहकानं धावू नये असं नाही, धावावं, पण हळूहळू वाढवत, पाणी पिऊन, आणि मांड्या दुखायला लागल्या की तिथंच थांबायचं, "आणखी एक राऊंड" नाही. बोटाच्या रक्ताची साधी टेस्ट असते, 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं मिशन चालू आहे त्यात गावोगाव तपासण्या केल्या, कार्ड आहे का घरात पाहा.

भरतीवाला_पोट्टा
सिस्टर आमच्या बॅचमध्ये एकाले असंच झालतं मार्चमध्ये, चवथ्या राऊंडले पडला, आम्हाले वाटलं उपाशी आला म्हणून. दवाखान्यात नेलं, आता बरा आहे. त्याले सांगतो टेस्ट करायले.

सिस्टर_उपकेंद्र
आजच सांग. आणि उपाशीपोटी खर्रा खाऊन राऊंड मारू नका रे, तंबाखूनं आधीच ठोके वाढलेले असतात.

भरतीवाला_पोट्टा
🙏

ब्रह्मपुरीवाला
तुमच्याकडं रस्त्यानं फार तर कुत्रे आडवे येत असतील, आमच्याकडं सकाळी पाचला रस्त्यानं धावलं तर वाघाचं दर्शन फुकट. वेळ आपोआप सुधारते 😂 मस्करी सोडा, आमच्याकडं अंधारात रस्त्यानं एकट्यानं जाणं बंदच केलं सगळ्यांनी. उजाडल्यावर सात वाजता, गावाच्या आत, चार जण मिळून. शौचाला बसणं किंवा बूटची लेस बांधायला झुडपाजवळ खाली वाकणं पण नाही, बसलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसते. उन्हाळ्यात सातला धावणं म्हणजे पण शिक्षाच आहे, आमचं गाव तापमानात देशात पहिल्या पाचात असते कितीदा.

दुकानवाला_भाऊ
आमच्याकडं रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर, वाघ तिपेश्वरकडं. पण खरा त्रास कुत्र्यांचाच. वस्तीच्या तोंडाशी तीन आहेत, मले पाहिलं की सुरूच.

काळी_माती
कुत्र्यासमोर पळायचं नाही, थांबायचं. चालत पुढं जा, त्याच्याकडं पाठ करू नका, खाली वाकून गोटा उचलायचा नुसता आव आणला तरी सरकते. थोडे दिवस पारले टाका, ओळख होते. आणि चावलंच तर हळद-मिरची भरू नका, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) इंजेक्शन.

नागपूरकर_आता_पुण्यात
शूज कोणते घेतले दुकानवाले भाऊ? कार्बन प्लेटवाले आता 12-13 हजारात चांगले मिळतात, हार्ट रेट झोनसाठी घड्याळ पण घ्या, झोन 2 मध्ये ठेवलं की फॅट बर्न…

वऱ्हाडी_ठेचा
तेवढ्यात डीएपी खताच्या आठ-नऊ बॅगा येतात दादा.

मास्तर_खेड्यातले
कार्बन प्लेट वगैरे राहू द्या. दीड-दोन हजारात धावायचा साधा बूट येते, तेवढं पुरे. संध्याकाळी मापून घ्या, पाय तेव्हा थोडा फुगलेला असते. पुढं अंगठ्याएवढी जागा पाहिजे. बाजारात मोठ्या कंपनीचं नाव एका अक्षरानं बदलून विकतात ते घेऊ नका, तळवा दगडासारखा असते. पाच-सातशे किलोमीटरनंतर बूट वरून चांगला दिसला तरी आतून बसलेला असते. आणि डांबरी रस्ता असेल तर उजव्या बाजूनं धावा, समोरून येणारं दिसलं पाहिजे, पहाटे कापसाच्या गाड्या आणि बिनलाइटचे ट्रॅक्टर असतात.

दुकानवाला_भाऊ
बरेच दिवसांनी लिहून राह्यलो, धागा वर आणतो. मास्तरांच्या हिशोबानं एक खांब-दोन खांबापासून सुरू केलं, संक्रांतीनंतर सलग पांदणीच्या नाल्यापर्यंत जाऊन राह्यलो. चहा बिनसाखरेचा केला, पहिला आठवडा डोकं दुखलं आणि गिऱ्हाईकांवर चिडचिड झाली, टपरीवाला म्हणे शुगर झाली का भाऊ, मी म्हटलं होऊ नये म्हणून. घरी पिप्याच्या झाकणावर तारीख लिहिली आहे बायकोनं, कधी उघडला ते. ती आता माझ्याहून जास्त हिशोबी झाली.

वजन 93 चं 87 वर आलं आणि तिथंच अडकलं आहे, हलतच नाही. पण बेल्टला आतून नवीन भोक पाडावं लागलं. साखर परत तपासली, 5.8. डॉक्टर खुश. एक अडचण, डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखते, धावायला लागलं की सुरुवातीला जास्त, मग कमी. आणि पुढचं, आता मार्च संपत आला, ऊन पाहा. मे मध्ये काय करावं?

मास्तर_खेड्यातले
वा! वजन अडकते, काट्यावर रोज चढू नका, आठवड्यातून एकदा. कंबर दोरीनं मापा, पुरुषाची 90 सेंटीमीटरच्या आत आणायची आहे, काटा थांबला तरी कंबर उतरत असते. नडगी बोटानं दाबून पाहा. लांबलचक पट्ट्यात दुखत असेल तर आठ-दहा दिवस धावणं बंद, चालणं चालू, मग निम्म्यापासून परत. एकाच बोटाएवढ्या जागी टोचून दुखत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल तर हाडाला चीर असू शकते, एक्स-रे काढा, अंगावर काढू नका.

सिस्टर_उपकेंद्र
मे बद्दल: सूर्य उगवायच्या आत संपवायचं, म्हणजे पाचला सुरू, साडेपाचला घरी. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात, तोवर अंतर निम्मं. पंचेचाळीसच्या दिवसांत रात्रही थंड होत नाही, अशा सकाळी नुसतं चाला. नवतपात (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) तर सुट्टीच घ्या, काही बिघडत नाही. डोकं दुखणं, मळमळ, अंगावर काटा येणं, बोलणं बरळल्यासारखं होणं, यातलं काही झालं की सावलीत, अंगावर पाणी, पंखा, आणि बरळत असेल तर थेट दवाखाना. खिशात कांदा ठेवणारे ठेवा, पण पाणीही प्या.

दुकानवाला_भाऊ
कांदा तर आईनं आत्तापासूनच काढून ठेवला.

मी पण एक सांगतो माझ्या धंद्यातलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालते तेव्हा वावराच्या धुऱ्यानं, पांदणीनं धावू नका. धावताना माणूस तोंड उघडं ठेवून खोल श्वास घेते आणि सकाळी वारा पडलेला असते तेव्हाच लोक फवारतात. 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांनी पाहिलं. वास आला की रस्ता बदला, दुकानदार सांगून राह्यला म्हणून तरी ऐका.

सावली_३४
मी पण सांगते. हिमोग्लोबिन 9.2 निघालं होतं, गोळ्या घेतल्या, आता 11 च्या वर. मैदानावर पाच जणी जातो. सासूबाई एक दिवस स्वतः आल्या पाहायला, कट्ट्यावर बसल्या, घरी येऊन म्हणे "ती अमक्याची सून तर नुसती फोनवरच होती." माझ्याबद्दल काही नाही बोलल्या 😀 वजन फार नाही उतरलं पण दुपारी जे झोपेनं डोळे मिटायचे ते बंद झालं.

काळी_माती
पावसाळ्याचं कोणी बोललं नाही. मृग लागला की पांदणीत पाय घातला तर एकेका बुटाला दोन किलो माती चिकटते, धावणं सोडा, बूट काढून हातात घ्यावे लागतात. मी जून ते सप्टेंबर गावातल्या सिमेंट रोडवरच येरझारा मारतो, कडक आहे म्हणून अंतर कमी. साप असते, टॉर्च पाहिजेच.

दुकानवाला_भाऊ
माझं जूनमध्ये सकाळी सहापासून बियाण्यासाठी शटरसमोर लाइन असते, तेव्हा संध्याकाळीच जमेल, तेही पाऊस नसला तर. पाहू. उद्या रविवार आहे, भरतीवाल्या तू याच तालुक्यातला आहे ना, ये आमच्या मैदानावर.

भरतीवाला_पोट्टा
येतो दादा पण मले हळू नाही धावता येत.

मास्तर_खेड्यातले
ये तर खरा. तू चार चकरा मार, आम्ही एक मारतो, मिळून संपवू. शाळेचं मोठं गेट बंद असते रविवारी, पाण्याच्या टाकीकडून ये.